जाम ते गिरड : हिवाळ्यातील दोन दिवसांची सायकलयात्रा

जाम हे नाव उच्चारताच बहुतेक प्रवाशांच्या डोळ्यांपुढे चौरस्ता उभा राहतो. श्रीनगरहून कन्याकुमारीकडे जाणारा राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ४४ आमच्या गावावरून जातो, आणि येथूनच वरोरा-चंद्रपूरची वाट फुटते. नागपूरहून निघालेली बस येथे थांबते, प्रवासी चहा घेतात आणि पुढे निघून जातात. आपल्या समाजातील कितीतरी व्यापारी कुटुंबांनी नागपूर, हिंगणघाट, चंद्रपूर, आदिलाबाद अशा फेऱ्यांत जाम शेकडो वेळा ओलांडले असेल. परंतु चौरस्त्यापासून अर्ध्या तासाच्या अंतरावर काय आहे, असे विचारले तर उत्तर देणारे थोडेच निघतील. वेगाने जाणाऱ्यास दोन टोकेच दिसतात. मधला मुलूख त्याच्या वाट्याला येत नाही.

हा मधला मुलूख पाहण्याचे सर्वांत सोपे आणि स्वस्त साधन म्हणजे सायकल. २०२५ च्या जानेवारी महिन्यात, ११ व १२ तारखेच्या शनिवार-रविवारी, आम्ही तिघांनी केलेल्या अशाच एका लहानशा यात्रेचा वृत्तान्त येथे सांगावयाचा आहे. तिघे म्हणजे मी, हिंगणघाटच्या बाजारात धान्याची अडत चालविणारे माझे चौसष्ट वर्षांचे स्नेही आणि त्यांचा बारावीत शिकणारा नातू. अंतराच्या दृष्टीने हा पराक्रम मुळीच नव्हे. दोन दिवसांत शंभराहून थोडे अधिक किलोमीटर झाले, इतकेच.

सायकलप्रवासाची परंपरा

सायकलवरून हिंडणे हा केवळ विद्यार्थ्यांचा किंवा गरजवंतांचा व्यवहार आहे, अशी आपल्याकडे समजूत आहे. इंग्लंडमध्ये १८७८ साली यॉर्कशायरमधील हॅरोगेट येथे सायकलप्रवाशांचा एक क्लब स्थापन झाला आणि पुढे तो ‘सायकलिस्ट्स टुरिंग क्लब’ या नावाने प्रसिद्ध झाला. खेड्यापाड्यांतील खाणावळी आणि विश्रामगृहे तपासून सभासदांना त्यांची माहिती पुरविणे, चढ-उतारांच्या धोक्याच्या ठिकाणी फलक लावणे, अशी कामे या क्लबने हाती घेतली. माझा एक भाचा शेफील्डला नोकरीस आहे. शेजारच्या डर्बीशायरमधील पीक डिस्ट्रिक्ट या डोंगराळ प्रदेशात तो हिवाळ्यातही शनिवार-रविवार सायकलने जातो. तेथील डिसेंबरचा दिवस आठ तासांहूनही लहान असतो. सूर्य सकाळी आठनंतर उगवतो आणि दुपारी चारच्या आत मावळतो. कॅसलटन गावाजवळच्या विनॅट्स पासचा चढ इतका उभा आहे की, भलेभले स्वार तेथे खाली उतरून सायकल हाताने ढकलतात. ज्यांना चढ झेपत नाही त्यांच्यासाठी मॉन्सल ट्रेल आहे. १९६८ साली बंद पडलेल्या रेल्वेमार्गावर ही साडेआठ मैलांची सपाट वाट केली असून, तिच्यावरचे जुने बोगदे २०११ साली खुले झाले. बंद पडलेली मालमत्ता कशी उपयोगात आणावी याचा हा नमुना व्यापाऱ्याच्या नजरेने पाहण्याजोगा आहे.

आपल्या देशालाही ही परंपरा नवी नाही. १५ ऑक्टोबर १९२३ रोजी मुंबईहून सहा पारशी तरुण सायकलने जगप्रवासास निघाले. त्यांपैकी आदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भूमगरा या तिघांनी तो प्रवास पुरा केला आणि १९२८ च्या मार्चमध्ये ते मुंबईस परतले. सत्तर हजारांहून अधिक किलोमीटरांचा हा प्रवास त्यांनी वाळवंटे आणि जंगले तुडवीत केला. त्यांच्या प्रवासाचे पुस्तक १९३१ साली निघाले, त्यास पंडित जवाहरलाल नेहरूंची प्रस्तावना होती. त्यांच्या सायकलींना आजच्यासारखे वीस-एकवीस गिअर नव्हते, ही गोष्ट चढावर धाप लागली म्हणजे विशेष आठवते.

तयारी आणि थोडे गणित

माझ्या स्नेह्यांना साखरेचा विकार आहे. सकाळी आठ ते रात्री आठ गादीवर बैठक, मध्ये जेवण, आणि चालणे म्हणाल तर गादीपासून मोटारीपर्यंत. डॉक्टरांनी दोन वर्षांपूर्वी बजावले, तेव्हा त्यांनी पहाटे सायकल चालविण्यास प्रारंभ केला. आरंभी गावाबाहेरच्या पुलापर्यंत जाऊन ते परतत. पुढे दहा किलोमीटर, मग वीस असे वाढवीत नेले. त्यांच्या चिरंजिवांचा या दोन दिवसांच्या बेतास विरोध होता. महामार्गावरील ट्रक पाहता तो विरोध अनाठायी होता असे मी म्हणणार नाही. अखेर महामार्गावर मुळीच जायचे नाही आणि अंधार पडण्यापूर्वी मुक्कामी पोहोचायचे, या दोन अटींवर घरातून संमती मिळाली. दुसरी अट आम्हास नवी नव्हतीच. सूर्यास्तापूर्वी भोजन हा ज्या घरांचा नित्यक्रम आहे, त्यांना हिवाळ्याच्या सहलीचे वेळापत्रक निराळे शिकवावे लागत नाही. आमच्या भागात जानेवारीत सूर्य पावणेसातनंतर उगवतो आणि पावणेसहाच्या सुमारास मावळतो. म्हणजे हाती अकरा तास. त्यांतील सहा तास सायकलवर आणि उरलेले विश्रांतीस, असा हिशेब आम्ही मांडला.

सायकलीविषयी दोन शब्द. आपल्या लहानपणच्या काळ्या सायकलीला पुढे मोठे दातेरी चक्र आणि मागे लहान, असा एकच संयोग असे. पुढे चव्वेचाळीस आणि मागे अठरा दाते धरले तर पायडलची एक फेरी होताच मागचे चाक जवळजवळ अडीच फेऱ्या घेते. सपाटीवर हे सोयीचे, चढावर मात्र छाती फोडणारे. गिअरच्या सायकलीत पुढचे बत्तीस आणि मागचे चौतीस दात्यांचे चक्र निवडता येते. तेव्हा पायडलच्या एका फेरीत चाक पुरती एक फेरीही घेत नाही. वेग कमी होतो, पाय मात्र फिरत राहतात. मोठे कर्ज एकरकमी न फेडता लहान हप्त्यांत फेडावे, तसेच हे आहे. एकूण श्रम तितकेच राहतात, पण ते देहाला पेलतील अशा तुकड्यांत वाटले जातात. जुन्या विलायती सायकलींची बैठक चामड्याची असे, त्यामुळे आपल्यातील काही घरांत ती निषिद्ध मानीत. आता कृत्रिम आवरणाच्या बैठका सर्वत्र मिळतात, तेव्हा ती अडचण उरलेली नाही.

सामान थोडेच घेतले. दोन जादा ट्यूब, हातपंप, पंक्चरचे साहित्य, उकळून गार केलेले पाणी, खाकरे, गूळ, शेंगदाणे, औषधांची डबी, लोकरी टोपी आणि पातळ हातमोजे. साखरेच्या रुग्णाने सोबत काहीतरी गोड ठेवलेच पाहिजे, कारण श्रमाने साखर एकाएकी उतरू शकते. त्यांचे तपासणीचे लहान यंत्रही पिशवीत होते.

समुद्रपूरकडे

शनिवारी सूर्य उगवता आम्ही जामहून समुद्रपूरच्या रस्त्याला लागलो. चौरस्त्याचा गोंगाट काही मिनिटांतच मागे पडला. दोन्ही बाजूंस काळी जमीन, तिच्यात पऱ्हाटीची काळपट पडलेली झाडे, शेवटच्या वेचणीचा उरलासुरला कापूस, कापणीस आलेली तूर आणि मध्येच हरभऱ्याचा हिरवा चौकोन. थंडी कडाक्याची नव्हती, पण हाताची बोटे मात्र बधिर होत होती. ओलिताच्या वावरांजवळून जाताना हवा एकदम गार लागे आणि कोरडवाहू शेताशी आले की पुन्हा उबदार होई. मोटारीच्या काचेआड बसलेल्यास हा भेद कळण्याचा मार्ग नाही.

बँकेच्या नोकरीत या तालुक्याची कितीतरी गावे मी कागदावर हाताळली. किसान क्रेडिट कार्डाची योजना १९९८ साली आली, तेव्हापासून पीककर्जाचे अर्ज, सातबाराचे उतारे, नूतनीकरण यांच्या गठ्ठ्यांत या गावांची नावे रोज डोळ्यांखालून जात. २००६ च्या जुलै महिन्यात पंतप्रधान डॉ. मनमोहन सिंग यांनी विदर्भातील सहा जिल्ह्यांसाठी ३७५० कोटी रुपयांचे साहाय्य घोषित केले. त्या सहांत वर्धा जिल्हाही होता. त्यानंतर २००८ च्या अर्थसंकल्पात देशव्यापी कर्जमाफी आली. त्या दिवसांत गावाची ओळख म्हणजे थकबाकीची टक्केवारी असे. आता त्याच गावांतून ताशी बारा किलोमीटरांच्या वेगाने जाताना टक्केवारीच्या जागी माणसे दिसत होती. कोणी अंगणात शेकोटीशी बसलेले, कोणी बंडी जुंपीत असलेले. दोन म्हातारे आणि एक पोरगा सायकलवर कोठे निघाले, हे कुतूहल प्रत्येकाच्या नजरेत होते. प्रत्येक गावात कोणी ना कोणी थांबवून विचारी, ‘कोन्या गावचे जी?’

गिरडची टेकडी

समुद्रपूर ओलांडून पूर्वेस जाऊ लागले की भूमी हळूहळू उंचावते. शेतांची सलगता तुटते, झुडपी जंगल लागते आणि पुढे गिरडची टेकडी दिसू लागते. टेकडीवर ख्वाजा शेख फरीद यांचा दर्गा आहे. हिंदू-मुसलमान दोन्ही समाजांचे लोक येथे श्रद्धेने येतात. शेवटचा चढ आम्ही सर्वांत हलक्या गिअरवर चढलो. स्नेही अर्ध्यावर उतरले आणि चालू लागले. नातू वर पोहोचून परत खाली आला, ‘दादाजी, मी तुमची सायकल नेतो,’ म्हणाला. ‘नको. चढ तुझा तू चढलास, माझा मला चढू दे,’ असे उत्तर मिळाले.

या टेकडीशी निगडित अशी एक आख्यायिका आहे की जी व्यापारी वर्गाने मुद्दाम ऐकावी. नारळ आणि इतर माल घेऊन दोन फिरते व्यापारी येथून चालले होते. त्यांनी साधूची थट्टा केली, तेव्हा त्यांचा सारा माल दगड झाला. व्यापाऱ्यांनी क्षमा मागितली. साधूने वाळक्या पानांपासून त्यांना नवा माल करून दिला, आणि ते प्रभावित होऊन कायमचे त्याच्या सेवेत राहिले. टेकडीवर सापडणारे गोल, गाठीसारखे दगड म्हणजे तोच माल, असे लोक मानतात. भूशास्त्राचे उत्तर निराळे आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हारसाचे थर पसरून दख्खनचे पठार तयार झाले. लाव्हा थिजताना त्यातील वायूंचे बुडबुडे पोकळ्यांच्या रूपाने राहून गेले, आणि त्या पोकळ्यांत पुढे झिओलाइटसारखी खनिजे साचून गाठी बनल्या. भोवतीचा खडक झिजला, गाठी मोकळ्या झाल्या. दोन्ही उत्तरे नातवाने लक्षपूर्वक ऐकली आणि त्याने तिसराच प्रश्न केला, ‘पण त्या व्यापाऱ्यांनी माल परत मिळाल्यावर विकला की नाही?’ आम्हा दोघांनाही हसू आवरेना. आख्यायिका त्याविषयी मौन पाळते.

वरून चहूकडे पाहिले. एका अंगास शेते, दुसऱ्या अंगास जंगल. या जंगलपट्ट्यात वाघ दिसल्याच्या वार्ता अधूनमधून येतात, त्यामुळे गावकरी सायंकाळनंतर एकट्याने जात नाहीत. आम्ही डबा उघडला, साखर तपासली, ती ठीक निघाली, आणि दीडच्या सुमारास परतीस लागलो.

बाभळीचा काटा

टेकडी उतरल्यावर रस्ता टाळून आम्ही एका पांदणीने निघालो. तेथे बाभळीच्या काट्याने स्नेह्यांच्या सायकलीचे मागचे चाक बसले. गावाचे पहिले घर पन्नास पावलांवर होते. अंगणातील पन्नाशीचा शेतकरी पुढे आला आणि स्नेह्यांकडे पाहताच जागच्या जागी थांबला. त्याने त्यांना ओळखले होते. क्षणभराने स्नेह्यांनीही ओळखले.

पुढे काय झाले ते समजण्यासाठी मागचे सांगितले पाहिजे. हा शेतकरी कित्येक वर्षे आपली तूर आणि सोयाबीन माझ्या स्नेह्यांच्या अडतीवर आणीत असे. हंगामापूर्वी तो उचल घेई आणि माल आला की ती वळती होई. २०१७ च्या हंगामात गुलाबी बोंडअळीने विदर्भातला कापूस पोखरला. त्या वर्षी याचे वावर जवळजवळ रिकामे गेले आणि अडतीची उचल थकली. पुढच्या वर्षी त्याने काही रक्कम दिली, मग तो येईनासाच झाला. बाजारात दिसला तरी दुसऱ्या बाजूने निघून जाई. अडतीच्या वहीत त्याच्या नावापुढे अडतीस हजार चारशे रुपये उभे राहिले. देण्याची इच्छा नाही म्हणून तोंड चुकवितो, असा अर्थ गादीवर लावला गेला होता.

‘या शेटजी, बसा,’ तो म्हणाला. खाट टाकली गेली. त्याच्या पत्नीने गूळ-पाणी आणले. स्नेह्यांनी स्वतःच्या बाटलीतले पाणी घेतले, गुळाचा खडा मात्र तोंडात टाकला. शेतकऱ्याने घमेल्यात पाणी घेऊन ट्यूब तपासली आणि नातवाकडचे साहित्य वापरून पंक्चर काढले. काम चालू असता तो खाली मान घालून बोलत होता. हरभऱ्याला पाणी द्यायचे तर वीज रात्रीची येते. रात्री मोटर सुरू करायला गेले तर रोही आणि रानडुकरे, शिवाय वाघाची धास्ती. कापसाचा हमीभाव या वर्षी लांब धाग्यासाठी ७५२१ रुपये होता, पण बाजारात त्याहून कमी मिळाले. सरकारी खरेदीपर्यंत थांबायला हातात पैसा नव्हता, म्हणून कापूस घरावरच विकला.

चाकात हवा भरून झाली. स्नेह्यांनी नकळत खिशात हात घातला. शेतकऱ्याने ते पाहिले, तो आत गेला आणि शाळकरी मुलांची असते तशी एक वही घेऊन आला. तिचे एक पान उघडून त्याने ते पुढे धरले. त्यावर दोनच ओळी होत्या, अडतीचे नाव आणि आकडा. आकडा होता अडतीस हजार चारशे.

‘शेटजी, इसरलो नाई,’ तो म्हणाला. ‘रिकाम्या हातानं तुमच्या दुकानात चढवत नाई, म्हनून येत नाई.’

माझ्या स्नेह्यांनी वही त्याच्या हाती परत दिली. ते म्हणाले, ‘भाऊ, तूर निघाली की घेऊन या. हिशेबाचं मग पाहू. पण रस्ता बदलून जाऊ नका.’ एवढेच बोलणे झाले. पंक्चरचे पैसे त्याने घेतले नाहीत.

समुद्रपूरचा मुक्काम आणि सेवाग्राम

सूर्य मावळण्यास अर्धा तास असता आम्ही समुद्रपुरात एका आप्तांकडे पोहोचलो. भोजन आटोपून रात्री पांघरुणे गुंडाळून बसलो असता स्नेह्यांनी विषय काढला. ‘तुम्ही बँकवाले याला काय म्हणाल?’ मी म्हणालो, ‘बँकेच्या भाषेत हे अनुत्पादक खाते. ठरावीक मुदतीच्या वर थकले की शिक्का बसतो. कर्जदार देऊ शकत नाही की देऊ इच्छित नाही, हे शिक्का सांगत नाही. ते पाहायला गावात जावे लागते.’ ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, ‘माझे वडील दिवाळीनंतर गावोगाव फिरत. बैलगाडीने. आम्हाला वाटे, ते वसुलीला जातात. मोटार आली, मग फोन आला आणि फिरणे संपले. दोघांच्या वहीत आकडा एकच, आणि सात वर्षे आम्ही एकमेकांचे तोंड पाहिले नाही.’

रविवारी आम्ही जामवरून आतल्या रस्त्यांनी सेवाग्रामकडे वळलो. हा प्रदेश बहुतांशी सपाट आहे, त्यामुळे आदल्या दिवशीच्या चढांनी आखडलेले पाय हळूहळू मोकळे झाले. गांधीजी ३० एप्रिल १९३६ रोजी या गावी प्रथम आले तेव्हा त्याचे नाव शेगाव होते. १९४० मध्ये ते सेवाग्राम झाले. माती, बांबू आणि कवेलू यांची आदी निवास व बापूकुटी ही साधी घरे आजही सारवलेल्या अंगणात उभी आहेत. गांधीजींना वर्ध्यास आणण्यात ज्यांचा आग्रह कारणीभूत झाला ते जमनालाल बजाज कापसाचे मोठे व्यापारी होते, हे आपण विसरता कामा नये. १९२८ साली वर्ध्याचे आपल्या कुटुंबाचे लक्ष्मीनारायण मंदिर त्यांनी अस्पृश्य मानल्या गेलेल्या बांधवांसाठी खुले केले. आयुष्याच्या अखेरच्या काळात त्यांनी गोसेवेचे काम हाती घेतले आणि ११ फेब्रुवारी १९४२ रोजी वर्ध्यातच त्यांचे निधन झाले. व्यापार आणि खेडे यांचे नाते केवळ देण्याघेण्याचे नसते, हे त्यांनी याच मातीत दाखवून दिले होते.

आश्रमाच्या अंगणात झाडाखाली आम्ही तासभर बसलो. नातू उन्हाळ्यानंतर सी. ए. च्या अभ्यासासाठी पुण्यास जाणार आहे. त्याने विचारले, ‘काकाजी, त्यांच्या वहीला कायद्यात पुरावा मानतील का?’ मी म्हटले, ‘कर्जदाराने आपल्या हाताने लिहून ठेवलेले कर्ज मोलाचे असतेच. पण ती वही त्यांनी कोर्टासाठी लिहिलेली नव्हती.’ त्यावर तो काही बोलला नाही. दुपारी एका लहान मालवाहू गाडीत सायकली चढवून, ऊन कलण्यापूर्वी आम्ही घरी परतलो. चिरंजीव दारात वाट पाहत होते. वडिलांना सुखरूप पाहून त्यांनी सुटकेचा श्वास सोडला.

खाते पुढे काय झाले

सुज्ञ वाचकांना उत्सुकता असेल म्हणून सांगतो. फेब्रुवारीत तो शेतकरी तूर घेऊन अडतीवर आला. स्नेह्यांनी बाजारभावाने माल घेतला, त्यातील काही भाग जुन्या खात्यात वळता केला आणि उरलेली रक्कम त्याच्या हाती दिली. व्याज सोडले आणि पेरणीसाठी पुन्हा उचल देण्याचे मान्य केले. चिरंजिवांना हे पटले नाही. ‘एकाला सोडले की दहा जण मागतील, दुकान भावनेवर चालत नाही,’ असे त्यांचे म्हणणे आहे. कर्जखाती हाताळण्यात ज्याचे आयुष्य गेले, त्याला या म्हणण्यातील तथ्य नाकारता येणार नाही. स्नेह्यांचे उत्तर असे की, ‘सगळ्यांना सोडा असे मी कोठे म्हणतो? आधी जाऊन पाहा, मग ठरवा.’ पितापुत्रांत हा वाद अजून मिटलेला नाही. एक गोष्ट मात्र घडली. जुन्या थकलेल्या खात्यांची एक यादी काढली गेली आहे, आणि प्रत्येक नावापुढे गाव आणि जामपासूनचे अंतर किलोमीटरांत लिहिले आहे. अक्षर नातवाचे आहे.

ज्यांना जावेसे वाटेल त्यांच्यासाठी

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ आपल्या भागात सायकलप्रवासास उत्तम. ज्यांना मधुमेह, रक्तदाब किंवा हृदयविकार आहे त्यांनी वैद्यकीय सल्ल्याशिवाय निघू नये आणि एकट्याने तर कधीच जाऊ नये. दोन-तीन महिने रोज थोडे थोडे चालवून अंतर वाढवावे. महामार्ग टाळावा. समृद्धी महामार्गावर तर दुचाकींना मुळातच प्रवेश नाही. गावरस्ते आणि पांदणी निवडाव्यात, पण तेथे काटे असतात हे लक्षात ठेवून जादा ट्यूब न्यावी. डोक्यास शिरस्त्राण, मागे लाल दिवा आणि अंगात उठून दिसेल असा रंग असावा. दिवसाचे अंतर असे ठरवावे की सूर्यास्तापूर्वी एक तास हाती उरेल. पंक्चर, गप्पा आणि अनपेक्षित आदरातिथ्य यांत तो तास खर्च होतोच.

आणखी एक सूचना, ती मात्र व्यापारी बंधूंसाठी. प्रवासाची दिशा ठरविताना नकाशाबरोबर आपली खातेवहीही एकदा चाळावी. ज्या गावांची नावे तिच्यात वारंवार येतात आणि जेथे आपण कधीच गेलेलो नाही, अशा गावापासून प्रारंभ करावा. जाताना वसुलीचा कागद नेऊ नये, पाण्याची बाटली आणि हातपंप तेवढा न्यावा.